जन्मदाखल्यावरचा रिकामा रकाना आणि मुलाचा बुडालेला सीझन

मुलाबाळांना घेऊन इंग्लंडला निघालेल्या कुणी मला काही विचारलं, की मी उलट एकच प्रश्न विचारते: मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचं नाव आहे ना? पोरगं फुटबॉल खेळत असेल तर विमानात बसण्याआधी तेवढं बघून घ्या. शाळा, घर, डॉक्टर हे सगळं इथे आल्यावर होतं. आमच्या मुलाचा अख्खा सीझन एका रिकाम्या रकान्यापायी बुडाला आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

2018 च्या उन्हाळ्यात नवऱ्याला कंपनीने नॉर्दॅम्प्टनला पाठवलं. मुलगा तेरा वर्षांचा, डाव्या पायाचा, पुण्यात शाळेच्या संघातून लेफ्ट बॅक, म्हणजे बचावफळीत डाव्या कडेला, खेळलेला. घरापासून चालत जाता येईल असा क्लब मिळाला, प्रशिक्षकाने त्याला एकदा खेळताना पाहिलं आणि चौदा वर्षांखालच्या संघात घेतलंसुद्धा. तीन नंबरची जर्सी घरी आली. मग क्लबच्या सेक्रेटरींनी पासपोर्ट मागितला आणि तो बघून सांगितलं, की आंतरराष्ट्रीय मंजुरी येईपर्यंत सरावाला पाठवा, सामना खेळता येणार नाही.

फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमावलीत कलम 19 आहे. 18 वर्षांखालच्या मुलाची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी करायला त्याने मनाई केलेली आहे, ठरावीक अपवाद सोडून. आपल्यासारख्यांना लागू पडतो तो अपवाद म्हणजे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात आलेले असणं. पूर्वी ही कागदपत्रं बाराव्या वर्षापासून बघत, 2015 पासून दहाव्या वर्षापासून बघतात. नियम मला पूर्ण पटतो. क्लबात घेतो म्हणून गरीब घरची मुलं परदेशात न्यायची आणि तिथे वाऱ्यावर सोडायची, हा धंदा करणारे दलाल आहेत, त्यांच्यासाठी तो आहे. बार्सिलोनावर 2014 मध्ये आणि चेल्सीवर 2019 च्या फेब्रुवारीत हाच नियम मोडल्याबद्दल नवे खेळाडू घ्यायची बंदी आली. तेव्हा आमच्या गल्लीतल्या क्लबचे सेक्रेटरी एकेका कागदावर अडून बसत, त्यांचं मला काही वाटलं नाही.

अर्ज क्लबने एफएकडे, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेकडे, करायचा असतो, आपण परस्पर करू शकत नाही. आपण कागद द्यायचे: मुलाचा आणि आईवडिलांचा पासपोर्ट, व्हिसा, घराचा पुरावा, नवऱ्याच्या नोकरीचं पत्र, आमचं संमतिपत्र आणि जन्मदाखला. बाकीचं सगळं जमलं. जन्मदाखल्यावर तारीख होती, आईचं नाव, वडिलांचं नाव, दवाखान्याचं नाव, सगळं होतं. ‘बाळाचे नाव’ या रकान्यात नुसती आडवी रेघ.

आपल्याकडे हे घरोघरी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, म्हणून दवाखाना लगेच पालिकेला कळवून मोकळा होतो, आणि बारसं व्हायचं असतं बाराव्या दिवशी. नाव ठरतं तोवर नोंद झालेली असते. तेव्हा पुढे ते कुठेच अडत नसे. 2016 च्या डिसेंबरात पासपोर्टचे नियम सैल झाले, जन्मतारखेला आधार चालायला लागलं, त्यावर त्याचा पासपोर्ट निघाला. व्हिसाच्या वेळी आईवडिलांची नावं जुळली, तेही निभावलं. पण इथे सेक्रेटरी म्हणाले, या कागदावर तुमच्या मुलाचं नाव नाही, मग हा कागद त्याचाच कशावरून?

कायद्यात सोय आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 14 खाली नाव मागाहून घालता येतं. पहिल्या वर्षात फुकट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत फी भरून. आमचा मुलगा तेराचा होता, म्हणजे मुदतीत होता. माझा धाकटा भाऊ माहेरच्या गावीच राहतो. तो फॉर्म भरून पालिकेत गेला आणि तिथल्या खिडकीपाशी आमचं घोडं अडलं ते अडलंच.

पहिल्या दिवशी त्याचा फोन आला, “ताई, तो माणूस फॉर्म हातात घ्यायलाच तयार नाही. म्हणतो, आईवडील कुठायत, त्यांना पाठवा.” आईवडील इंग्लंडमध्ये आहेत म्हटल्यावर अधिकारपत्र आणा म्हणाले. आम्ही बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीकडून ते साक्षांकित करून घेतलं आणि कुरिअरने पाठवलं. मग स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र हवं झालं. मग दवाखान्याचं पत्र. डॉक्टरीणबाईंनी दवाखाना कधीच बंद केलेला. भावाने त्यांचं घर शोधलं आणि त्यांनी जुनी वही काढून स्वतःच्या अक्षरात पत्र लिहून दिलं. मग कळलं, त्या वर्षाचं रजिस्टर जुन्या इमारतीत आहे आणि त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत. हे सगळं एका दमात सांगितलं असतं तर माझ्या भावाने एका आठवड्यात गोळा केलं असतं. पण प्रत्येक वेळी एकच कागद सांगायचा, तो आणला की पुढचा. पोराचं एक वर्ष त्या खिडकीवर पडून आहे हे त्यांना भावाने सांगितलं, मी फोनवरून सांगितलं. “खेळायचंच आहे ना, पुढच्या वर्षी खेळेल,” असं मला उत्तर मिळालं.

तेराव्या वर्षी बचावफळीतल्या मुलाचं एक वर्ष म्हणजे काय, हे त्या खिडकीमागे कुणाला सांगायचं? बॉल पायात असताना काय करायचं ते सरावात शिकता येतं. पण सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, पुढे गेला की आपण आत कधी सरकायचं, कडेने चाल करणाऱ्या विंगरला बाहेरच्या बाजूला कसं ढकलायचं, गोलकीपर ओरडला की मान न वळवता कसं समजायचं, हे फक्त सामन्यात येतं. दर रविवारी सकाळी तो आमच्यासोबत मैदानावर यायचा. गोठलेल्या गवतात कोपऱ्यातले झेंडे रोवायचा, बॉलमध्ये हवा भरायचा आणि नव्वद पावलांवरून आपल्या जागी दुसऱ्याला खेळताना बघायचा. क्लबकडे जर्सी मोजक्याच, त्यामुळे तीन नंबरची जर्सी परत मागितली गेली. ती त्याने स्वतः धुतली, घडी घातली आणि त्या मुलाच्या हातात दिली. एका शब्दानेही तो कुरकुरला नाही आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

मार्चमध्ये रजिस्टर सापडलं. भावाचा आवाज हसरा होता. पण सही ज्यांची लागते ते लोकसभेच्या निवडणुकीच्या ड्युटीवर, आणि निकाल लागेपर्यंत टेबलावर कुणी येईना. इथे मेच्या सुरुवातीला सीझन संपला. नाव घातलेला दाखला जूनमध्ये हातात पडला. क्लबने अर्ज पाठवला आणि नवा सीझन सुरू व्हायच्या आत मंजुरी आली. इतकं सोपं होतं ते.

पुढचं सगळं सरळ झालं. 2019-20 चा सीझन करोनाने मार्चमध्येच थांबवला, पण तो सगळ्यांचाच थांबला. अठरा वर्षांखालचा संघ झाला, मग युनायटेड काउंटीज लीगमधल्या एका क्लबने घेतलं. म्हणजे प्रीमियर लीगपासून मोजत खाली आलं तर नववी पायरी. तिथे पगार नाही, पेट्रोलचे पैसे सुटतात. पण तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर तो लेफ्ट बॅक खेळतो.

त्याचा आदर्श मॅल बेनिंग, वेस्ट मिडलंड्सचा पंजाबी वंशाचा लेफ्ट बॅक. वॉल्सॉल, मॅन्सफिल्ड, पोर्ट व्हेल असं खालच्या लीगमध्येच सगळं करिअर केलेला. 2022 मध्ये आमचं नॉर्दॅम्प्टन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स सारख्या गुणांवर, सारख्या गोलफरकावर संपले. रोव्हर्सनी शेवटच्या दिवशी 7-0 जिंकून जास्त गोल केले म्हणून वरच्या लीगमध्ये थेट बढती त्यांना मिळाली. आम्ही प्लेऑफमध्ये, म्हणजे बढतीच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या सामन्यांत, मॅन्सफिल्डकडून हरलो. आणि वेम्बलीला अंतिम सामन्यात पोर्ट व्हेलने त्याच मॅन्सफिल्डला 3-0 हरवलं तेव्हा तिसरा गोल बेनिंगने आपल्याच जुन्या क्लबवर मारला. मुलगा घरभर नाचला होता. ख्रिस स्मॉलिंगचंही मी त्याला सांगत असते: 2008 पर्यंत तो मेडस्टोनसारख्या नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार व्यावसायिक पायऱ्यांच्या खालच्या, क्लबात होता, 2010 मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये.

आठवेल तसं आणखी सांगते. मुलगा भारतात एखाद्या अकादमीतून खेळला असेल तर तिथे त्याची एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या, प्रणालीत नोंदणी झाली होती का ते विचारून घ्या आणि इथे खरं तेच लिहा. नोंदणी असेल तर भारताकडून ट्रान्सफर सर्टिफिकेट मागवावं लागतं. आमचा फक्त शाळेकडून खेळला होता, म्हणून त्याची पहिली नोंदणी धरली. नोकरीच्या पत्रात बदली कंपनीने केली हे स्पष्ट लिहून घ्या. पिवळ्या कार्डाचा दंड इथे हौशी खेळाडूलाही पडतो, आणि बचावपटूला कार्डं मिळतातच, ते पैसे धरून चाला. गावी जो कुणी खिडकीवर जाईल त्याला लागणाऱ्या कागदांची यादी लेखी मागायला सांगा. तोंडी यादी रोज बदलते. दाखल्याच्या सही-शिक्क्याच्या दोन-तीन प्रती एकदमच काढा.

आणि वेल्स हा फुटबॉलपुरता वेगळा देश आहे. मुलगा आता शिकायला कार्डिफला जायचं म्हणतोय. तिथल्या वेल्श क्लबकडून खेळायचं तर पुन्हा आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागेल. यंदा तो अठराच्या पुढे आहे, त्यामुळे आईवडिलांच्या नोकरीची चौकशी होणार नाही. तरी नव्या क्लबच्या सेक्रेटरींना ऑगस्टची वाट न बघता जूनमध्येच मेल करायला मी त्याला सांगितलं आहे.