पोर्टसमोरचा काळा चुरा

स्पीकर पुसताना पोर्टच्या (डब्याला हवेसाठी ठेवलेल्या नळीच्या) तोंडाशी काळा चुरा दिसला. पुसून टाकला. आठवड्याने पुन्हा तेवढाच. मग पुढची जाळी काढली आणि वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या भोंग्याच्या, पडद्याला फ्रेमशी जोडणाऱ्या फोमच्या कडेवर बोट टेकवलं, तर ते आरपार गेलं.

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला दमटपणा त्याला आतून तोडत राहतो. आधी तो चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो. साधारण 10 ते 20 वर्षं टिकतो, मग स्पीकर रोज वाजवा नाहीतर गुंडाळून ठेवा.

डबा पोर्टवाला म्हणून मला जास्त काळजी वाटली. बंद डब्यातली हवा पडद्याला मागून स्प्रिंगसारखी आवरते. पोर्टवाल्या डब्याचं तसं नाही. पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो (माझा 40 हर्ट्झला), तिथे पडदा जेमतेम हलतो, आवाज काढते ती पोर्टमधली हवा. त्याच्या बरंच खाली गेलं की पडद्याला आवरणारी हवाच उरत नाही. त्यात कड फाटलेली असली की भेगांतून हवा फुसफुसते, पोर्टचा जोर जातो आणि व्हॉइस कॉइल (पडद्याला मागून जोडलेली तारेची गुंडाळी) सरकून मॅग्नेटच्या फटीत घासू लागते. कड फाटल्यावर ‘हळू आवाजात चालेल अजून थोडे दिवस’ हे मला म्हणूनच पटत नाही.

नवी कड मागवताना नुसतं ‘8 इंची’ सांगून भागत नाही. पडद्याचा व्यास, फोमच्या उंचवट्याची रुंदी आणि फ्रेमचा आतला व्यास, तिन्ही मापं घ्या. सगळ्यात वेळ जातो तो जुना गोंद काढण्यात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा, आइस्क्रीमच्या काडीचं टोक, आणि भरपूर धीर. पडदा कागदी असेल तर तो भिजू द्यायचा नाही. मी पडद्याच्या मधली टोपी कापून कॉइल आणि आतल्या लोखंडी खांबामध्ये चारी बाजूंनी पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये राहते. आधी फोम पडद्याला चिकटवला, दुसऱ्या दिवशी फ्रेमला. गोंद वाळल्यावर पट्ट्या काढल्या आणि 30 हर्ट्झचा सूर अगदी हळू लावून कान जवळ नेला. खरखर नाही. मग नवी टोपी चिकटवली.

एवढं करून चार दिवसांनी पोर्टसमोर पुन्हा काळा चुरा!

वूफर परत खोलला. डब्याच्या आतलं अस्तरही फोमचंच होतं, आणि हात लावताच ते काजळीसारखं बोटांना आलं. पोर्टची हवा तोच भुगा बाहेर फेकत होती. हा भुगा कॉइलच्या फटीत शिरला असता तर नव्या कडेचा काही उपयोग नव्हता. सगळं अस्तर खरवडून काढलं, भिंती ब्रशने झाडल्या आणि पॉलिएस्टरच्या कापसाची गादी लावली, पोर्टच्या आतल्या तोंडापासून चांगली चार बोटं लांब. (व्हॅक्यूम क्लीनर वापरलात तर नळी मधल्या टोपीजवळ नेऊ नका, टोपी आत-बाहेर ओढली जाऊन चेपते.)

काल 40 हर्ट्झचा सूर लावला. पडदा जवळजवळ स्थिर, आणि पोर्टसमोर धरलेली टिश्यूची पट्टी फडफडत होती. दुसऱ्या स्पीकरची कड वरून धड दिसते, पण दाबलं की खळगा तसाच राहतो. उद्या तो खोलणार, आणि या वेळी आधी अस्तर.