शोकेस गेली

मागच्या रविवारी आमच्या हॉलमधली शोकेस गेली. गेली म्हणजे दोन माणसं आली, तिची काचेची दारं काढून जुन्या चादरीत गुंडाळली आणि घेऊन गेली. २९ वर्षं ती जिथे उभी होती तिथे भिंतीवर मूळच्या रंगाचा एक उभा चौकोन तेवढा राहिला. बाकीची भिंत पिवळी पडली आहे, हे आम्हाला त्या चौकोनामुळे कळलं. तोवर ती आमच्या मते पांढरीच होती.

मुलीला सध्या जपानी घरांचा नाद लागला आहे. रोज रात्री मोबाइलवर कुणाचं तरी रिकामं घर बघत बसते. त्या चौकोनासमोर तिने आजीचा पितळी तांब्या ठेवला, त्यात अनंताची एकच डहाळी खोचली आणि म्हणाली, "बाबा, हा आपला तोकोनोमा." तोकोनोमा म्हणजे जपानी बैठकीतला कोनाडा. त्यात एक चित्र टांगलेलं, एखादं फूल, संपलं. दुपारी जेवण झाल्यावर मी त्या डहाळीसमोर बसलो. ध्यानबिन काही नाही, शोकेसशेजारची माझी खुर्ची अजून तिथेच आहे, इतकंच. आणि बसल्या बसल्या आठवलं, अरे, शोकेसमध्ये आपली जपानी बाहुली होती की! काचेच्या पेटीतली, किमोनोवाली. जपानी साधेपणाने आमच्या घरात पहिला बळी घेतला तो जपानी बाहुलीचा.

ही बाहुली जपानमधल्या ओकायामाची. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलं आहे, ती बाग ओकायामाला. १७०० साली पुरी झालेली. कामानिमित्त मी महिनाभर तिथे एका आजींच्या घरी राहिलो होतो. मला दिलेली खोली सहा चटयांची. तिथे खोली चटयांवरच मोजतात, एक तातामी साधारण सहा फूट बाय तीन. तिच्या कापडी काठावर पाय द्यायचा नाही. हे शिकायला मला काही अडचण आली नाही, आमच्या आजीने उंबऱ्यावर उभं राहिलं की पाठीत धपाटा घातलेला होता. खोलीत एक बुटकं टेबल आणि वाळल्या गवताचा वास. बाकी काही म्हणजे काही नाही. माझी निळी सूटकेस तिथे इतकी उघडी-वाघडी दिसायची, की मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. तीन दिवस मी हळू आवाजात बोलत होतो.

चौथ्या सकाळी फुतोन, म्हणजे आपली गादीच, घडी करून ठेवायला मी भिंतीतलं सरकतं दार जरा जास्त सरकवलं. आत ओशिइरे. मुलीच्या लहानपणी टीव्हीवरचा तो निळा बोका, डोरेमॉन, ज्या कपाटात झोपायचा, तेच हे. तीन फूट खोल, मधे एक फळी. वरच्या खणात माझी गादी. खालच्या खणात हीटर, पंखा, भेट आलेल्या टॉवेलांचे न उघडलेले खोके, नातीचं शाळेचं दप्तर, कपबश्यांचे संच, आणि ३ मार्चच्या सणाच्या बाहुल्यांची खोकी. या बाहुल्या सण झाला की लगेच आवरायच्या असतात, उशीर झाला तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं. (हे ऐकल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.) आजी मागून आल्या, मी काय बघतोय ते बघितलं आणि तोंडावर हात धरून हसल्या. मी दार लावून घेतलं. खोली पुन्हा ध्यानस्थ.

तेव्हापासून कुठल्याही रिकाम्या खोलीचा फोटो दिसला, की मी दार शोधतो. पूर्वीच्या श्रीमंत जपान्यांकडे तर अंगणात जाड मातीच्या भिंतींचं वेगळं कोठार असायचं, कुरा. चित्रं, भांडी, पडदे सगळं तिथे. ऋतूप्रमाणे त्यातलं एक बाहेर यायचं आणि पाहुणे त्या एकाचं कौतुक करायचे.

आमच्या लहानपणी वाड्यातल्या आमच्या दोन खोल्या दिवसा अशाच मोकळ्या असायच्या. सकाळी सहाला वडील पायाने ढोसत, "उठा, वळकट्या करा." वळकटी घट्ट झाली पाहिजे हा त्यांचा आग्रह, सैल झाली तर उलगडून पुन्हा. मग गाद्यांचा ढीग कोपऱ्यात, त्यावर आईची जुनी नऊवारी पसरलेली, आणि त्यावरून उड्या मारायची दिवसभर मनाई. उरायची ती शहाबादी फरशी, चार खुंट्या, एक कोनाडा आणि कॅलेंडर. त्याच फरशीवर पाट मांडले की जेवणघर, पाट उचलले की अभ्यासाची खोली, अंथरुणं पडली की निजायची. याला त्या काळी शैली म्हणत नसत. परिस्थिती म्हणत. वडिलांना बढती मिळाली तेव्हा घरात पहिली वस्तू आली ती लोखंडी कॉट, आणि ती बघायला वाड्यातली माणसं आली होती.

मुलीने मला सेन नो रिक्यूची गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकातला चहाचा आचार्य. क्योतोजवळ त्याची म्हणून सांगतात ती दोन चटयांची चहाची खोली अजून उभी आहे. आमच्याकडे तेवढ्या जागेत फ्रीज आणि वॉशिंग मशीन आहे. तर त्याच्या बागेत आपल्या गारवेलीच्या जातीची सकाळची फुलं फार सुंदर फुलली आहेत असं कळून हिदेयोशी, तेव्हाचा सर्वसत्ताधीश, बघायला आला. बागेत एकही फूल नाही. आत गेला तर कोनाड्यात एकच. बाकीची सगळी रिक्यूने खुडून टाकली होती. गोष्ट ऐकून मुलीचे डोळे चमकले. मला मात्र एकच प्रश्न पडला, की ती बाकीची फुलं उचलली कुणी? कुणीतरी पहाटे टोपली घेऊन कंबर वाकवली असणारच. गोष्टीत त्याचा उल्लेख नाही.

आणि टाकणं तिथे स्वस्तही नाही. मोठी वस्तू टाकायची तर पालिकेला फोन करा, दिवस ठरवून घ्या, दुकानातून पैसे देऊन चिठ्ठी आणा, ती वस्तूवर चिकटवा, मग ठरल्या सकाळी बाहेर ठेवा. आपल्याकडे उलट भंगारवालाच पैसे देतो. बोहारीण तर त्याहून थोर. चार साड्या आणि दोन पँटी घेऊन ती स्टीलचं पातेलं देते, म्हणजे कपाट रिकामं होतं तेवढंच मांडणीवर चढतं. आमच्या घरात अशी सात पातेली आहेत, एकही कधी गॅसवर गेलेलं नाही. "अहो, द्यायला होतील कुणाला," ही म्हणते.

निघायच्या दिवशी आजींनी ते सरकतं दार उघडलं, गुडघ्यावर बसून आत बराच वेळ खुडबुड केली आणि काचेची पेटी बाहेर काढली. बाहुली. दोन्ही हातांनी, वाकून माझ्या हातात दिली. मी भारावलो. ती काच फुटू नये म्हणून विमानात मांडीवर घेऊन आलो. पुढे कधीतरी वाचलं, की तिथे बाहुली सरळ कचऱ्यात टाकायला लोकांना जड जातं. तोक्योच्या उएनो बागेतल्या एका देवळात दरवर्षी २५ सप्टेंबरला, नको झालेल्या बाहुल्यांची रीतसर पूजा करून त्यांना निरोप देतात. तेव्हापासून मनात एक किडा आहे. आजींनी मला भेट दिली, की ओशिइरेतली एक जागा मोकळी केली? त्यांना विचारायला आता उशीर झाला.

"बाहुली कुठे गेली गं?" मी संध्याकाळी मुलीला विचारलं.

"तुमच्या पलंगात. टाकली नाही, बाबा."

आमचा पलंग पेटीचा आहे. रात्री ही झोपल्यावर मला राहवेना, पण तिला उठवून गादी उचलणार कशी? पडून राहिलो. खाली शोकेस अख्खी: प्लॅस्टरचा ताजमहाल, माझी वक्तृत्वाची ढाल, सात पातेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आजींची बाहुली. मी कूस हळूच बदलली.