शिकागोची सकाळ, अमळनेरची आखाजी

आमच्या टीम तीन शहरांत आहेत: शिकागो, लंडन आणि पुणे. तिघांच्या मीटिंगची वेळ ठरवायचं काम माझ्याकडे आहे. भुसावळला गेले की नातेवाईक विचारतात, यात एवढं अवघड काय?

उन्हाळ्यात इथले, म्हणजे मी राहते त्या शिकागोतले, सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच मीटिंग पुण्यात साडेसातला सुरू होते. पुण्यातल्या कुणी काहीच बदललेलं नसतं, तरी त्यांचा घरी जायचा तास जातो. मार्चमध्ये अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, इंग्लंड शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडनची मीटिंग दोनऐवजी एकला, ऐन जेवणाच्या वेळी येते.

पण हे सगळं कॅलेंडर सांभाळून घेतं. त्याला आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय तृतीया, कळत नाही.

पुण्याच्या टीममधली एक मुलगी अमळनेरची. दोन वर्षांपूर्वी अक्षय तृतीयेला ती माहेरी गेली होती. मी नेहमीसारखी आठची मीटिंग लावली, तिनेही मुकाट्याने ‘येते’ म्हणून कळवलं. ती बोलायला लागली तेव्हा मागून झोक्यावरच्या बायकांची गाणी ऐकू येत होती. आमच्याकडे लेकी सासरहून येतात त्या आखाजीला; दिवाळीइतकाच मोठा तो सण. ती सांजेला आतल्या खोलीत दार लावून आकडे वाचत होती, आणि मी, भुसावळची पोर, इथे बसून ते ऐकत होते. मला फार वाईट वाटलं. तिने सांगायला हवं होतं, असं काही जण म्हणाले. मला ते पटत नाही. वेळ मी ठरवली होती, विचारायचं मी होतं.

माझे वडील मालगाडीवर ड्रायव्हर होते. ड्युटीच्या दोनेक तास आधी कॉलबॉय सायकलवर यायचा, दारातून हाक मारायचा. वडील त्याच्या वहीत सही करायचे, आई डबा करायला उठायची. ड्युटी रात्री दोनची असली तरी माणसाला आधी कळवायचं, त्याची सही घ्यायची, ही रीत मी लहानपणापासून पाहिली होती.

(घड्याळाचा हा सगळा खटाटोपही रेल्वेचाच. १८८३ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या ग्रँड पॅसिफिक हॉटेलात रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ ठरवली आणि १८ नोव्हेंबरला ती लागू केली. ला साल स्ट्रीटवर त्या जागी पाटी आहे. वडील आले होते तेव्हा ती त्यांनी दोनदा वाचून घेतली.)

आता एक महिना मीटिंग आमच्या सकाळी असते. पुढच्या महिन्यात भारताच्या सकाळी आठला, म्हणजे उन्हाळ्यात आमच्या रात्री साडेनऊला. त्या वेळी लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी छोटी मीटिंग घ्यावी लागते. माझं काम वाढलं. शुक्रवारी रात्री तर काहीच ठेवता येत नाही, कारण पुण्यात शनिवार उजाडलेला असतो.

सणांचा तक्ता मात्र मी ज्याचा त्याला भरायला सांगितला. कानबाई आली, पोळा आला, लंडनहून ईद आली, इथल्यांचा थँक्सगिव्हिंग आला. आखाजीचा रकाना अमळनेरच्या मुलीने भरला. पुढे तिने लिहिलं होतं, ‘दोन दिवस.’