वांग्यातलं घरटं शिंप्याचं नाही!

मागच्या वेळी परसातल्या वांग्यात शिंपी पक्ष्याने घरटं केलंय असं लिहिलं होतं. दुरुस्ती करते: ते राखी वटवट्या या दुसऱ्या छोट्या पक्ष्याचं आहे.

टाके घातलेलं पान दिसलं की शिंपी, असं मी धरून चालले. पण वटवट्याही पानं शिवतो. बारा दिवस सहकारनगरात पाऊस उघडेना, पक्षी पानाआड शिरला की संपलं. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲपही कधी शिंपी म्हणे, कधी वटवट्या, कारण बागेत दोघेही ओरडतात. माझी १० बाय ५० (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण तर पाच मीटरच्या आत फोकसच होत नाही आणि खिडकीपासून वांगं जेमतेम तीन मीटर. शेवटी मैत्रिणीची ८ बाय ४२ आणली. घरच्या बागेसाठी ८ पटच घ्या, आणि किती जवळचं दिसतं ते दुकानातच तपासा.

गुरुवारी सकाळी पावणेसातला कुंपणावर मांजर आलं आणि झुडपातून 'चट् चट् चट्'! स्विचमध्ये ठिणगी उडावी तसा कोरडा आवाज. तो पंखांचा असतो असं मानतात. शिंपी असा आवाज काढत नाही. पाठोपाठ पक्षी शेंड्यावर आला. राखाडी डोकं, तांबूस डोळा, बदामी पोट, उभी शेपटी. शिंप्यासारखी तांबडी टोपी नाही, पाठीवर हिरवा रंग नाही. आणि चोचीत हिरवीगार अळी! म्हणजे पिल्लं आहेत. हात थरथरत होते माझे.

आईने ते झाड सोडून बाकीची वांगी भरायला काढली. "त्याची जून झाली तर होऊ देत," म्हणाली.

त्याच दिवशी शेवग्यावर सुभग पक्षीही दिसला, या पावसातला पहिला.

आता वांग्याजवळ तिपाईवर फोन लावून चित्रण करणार होते. पण लिहिता लिहिता वाटतंय, नको. तिपाईच्या मागोमाग मांजर यायचं. त्यापेक्षा खिडकीतूनच स्लो मोशन लावते. तो 'चट्' पंखांचाच का, तेही बघता येईल.

कालपासून मात्र कडुनिंबावर कारुण्य कोकिळा ओरडतेय, आणि ती स्वतः घरटं न करता वटवट्यासारख्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालते. ती अळी कुणाच्या पिल्लाला जातेय, हे पिल्लू बाहेर आल्यावरच कळेल.