शांघायला न जाता

सोसायटीच्या वार्षिक सभेला मी गेलो तो निव्वळ बटाटेवड्यासाठी. मागच्या रांगेत बसलो. दुसरा वडा तोंडात असताना कुणीतरी माझं नाव सुचवलं, कुणीतरी अनुमोदन दिलं आणि घास गिळून मी "अहो, पण..." म्हणेपर्यंत टाळ्याही पडल्या. घरी परतलो तो सचिव होऊन. काखेत शिक्का, पावतीपुस्तक आणि टाकीच्या गळतीची जाडजूड फाइल. मुदत पाच वर्षं.

रात्री अमेरिकेतल्या पोर्टलंडहून भाचीचा फोन आला. माझं रडगाणं ऐकून ती खिदळली, "मामा, तुला शांघाईड केलं!"

मुंबईचं शांघाय करू म्हणत होते ते हेच की काय?

शांघाईड करणं म्हणजे फसवून किंवा जबरदस्तीने कामाला जुंपणं. अशी माणसं ज्या भुयारांतून जहाजावर नेत असं सांगतात, ती भुयारं दाखवायच्या सहली तिच्याकडे निघतात म्हणे. भुयारांची कथा इतिहासकारांना फारशी पटत नाही, पण शब्द अस्सल आहे. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. मग जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागलं रे लागलं की खलाशी खाणींकडे पसार व्हायचे. कप्तानाला माणसं पुरवायला दलाल उभे राहिले, त्यांना 'क्रिंप' म्हणत. खलाशांच्या खाणावळी यांच्याच. गिऱ्हाइकाला दारू पाजायची, तीत गुंगीचं औषध, नाहीतर सरळ डोक्यात दणका. बिचाऱ्याला शुद्ध यायची तेव्हा चहूकडे पाणी आणि करारावर त्याच्या नावाची सही! पळाला तर तुरुंग. दलालाला माणशी पैसे मिळत, वर खलाशाचा आगाऊ पगारही तोच लाटे. जहाज शांघायसारख्या दूरच्या बंदराला जायचं, म्हणून त्या शहराचं क्रियापद झालं. शांघायचा यात काडीचा दोष नाही. पुढे वाफेच्या बोटींना शिडावर चढणारे गडी लागेनात आणि 1915 च्या कायद्याने पळाल्याबद्दलची कैदही गेली. धंदा बसला.

आता इंग्रजीत हा शब्द थट्टेत जास्त चालतो. आपल्या 'हरणा'ला ही सर नाही. रुक्मिणीने तर स्वतःच पत्र धाडून बोलावणं केलं होतं! 'वेठीला धरलं' जरा जवळचं, पण त्यात डोक्यातला दणका नाही.

माझ्या वड्यात औषध नव्हतं, एवढं मात्र मान्य.

बी विंगमध्ये नवे गृहस्थ राहायला आलेत. निवृत्त, अक्षर सुरेख, आणि वड्यांचे शौकीन. परवा लिफ्टमध्ये मी त्यांना सहज विचारलं, "पुढच्या सभेला येताय ना?"