खालून वीस फायली

जानेवारीतला सोमवार, सकाळचे साडेनऊ. पांढरकवड्याच्या बाजूच्या एका जिनिंगमधून ऑपरेटरचा फोन आला. "सर, काटा बंद पडला."

काटा काही बंद पडला नव्हता. भुईकाट्याला कॉम्प्युटर लागत नाही. गाडी चढली की बाहेरच्या लाल पाटीवर वजन उमटतंच. बंद पडला होता मागचा डेटाबेस, पोस्टग्रेस ९.६. पण पावती निघत नाही म्हणजे काटा बंद, ही जिनिंगची भाषा, आणि तीच खरी धरायची.

मी यवतमाळला असतो. निघण्याआधी ऑपरेटर पोराला दोन गोष्टी सांगितल्या: सर्व्हिस पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नको आणि कशालाही हात लावू नको. "हो सर," तो म्हणाला. त्या 'हो सर'ला जरा उशीर झाला होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मोटारसायकल अर्ध्या वाटेवर होती.

पोचलो तर फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या. मुनीमजी दारातच उभे. "भाऊ, लवकर करा ना जी. लोकं तापून राह्यले."

तापायला कारण होतं. भरलेली गाडी काट्यावर चढते, पहिलं वजन होतं. मग आत कापूस खाली होतो, रिकामी गाडी पुन्हा चढते आणि दोन वजनांच्या फरकावर पैसे. पावती एकदाच छापायची, शेवटी. काट्यावरच्या काकांनी पावती थांबल्या क्षणापासून वहीत आकडे लिहायला घेतले होते ("मशीन बंद पडली तं लेखन बंद पडते का?"), त्यामुळे रांगेतल्या गाड्यांची अडचण नव्हती. अडकल्या होत्या मधल्या अकरा गाड्या. त्यांचा कापूस ढिगात मिसळून गेला होता आणि त्यांचं पहिलं वजन फक्त त्या बंद पडलेल्या डेटाबेसमध्ये होतं.

डिस्क पाहिली. १०० जीबीची एकच पार्टिशन, शंभर टक्के भरलेली. सर्व्हरच्या नोंदवहीत शेवटची ओळ तीच, जागा शिल्लक नाही म्हणून लिहिता आलं नाही. जागा खाल्ली कोणी? पीजी-एक्सलॉग नावाच्या फोल्डरने. एकेक फाइल १६ एमबीची, अशा साडेचार हजार. म्हणजे सत्तर जीबी.

या फोल्डरचं नाव हा एक जुना घोटाळा आहे. नावात 'लॉग' असल्यामुळे माणसाला वाटतं, जुन्या नोंदी असतील, उडवा. प्रत्यक्षात डेटाबेस प्रत्येक बदल आधी इथे लिहितो आणि मूळ टेबलांच्या फायलींत सावकाश उतरवतो. सर्व्हर अचानक पडला तर उतरवायचं राहिलेलं काम याच फायलींवरून पूर्ण होतं. लोक हे फोल्डर साफ करून डेटाबेस घालवून बसायचे, म्हणून २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्याचं नाव बदलून पीजी-वॉल केलं. आमची आवृत्ती त्याआधीची.

मी सर्व्हिस बंद केली, बाहेरची हार्ड डिस्क जोडली आणि सगळं डेटा फोल्डर कॉपीला लावलं. जुना यूएसबी पोर्ट, पाऊण तास दाखवत होता. मुनीमजींना हे पटेना. "दुरुस्त करायले आले का फोटो काढायले?" त्यांचं चुकत नव्हतं, बाहेरच्या शिव्या तेच खात होते. पण बिघडलेल्या डेटाबेसवर पहिला प्रयोग करताना परत फिरायला जागा नसेल तर मी हात लावत नाही. या बाबतीत मी हट्टी आहे.

कॉपी चालू असताना पीजी-कंट्रोलडेटा चालवलं. ही आज्ञा काही बदलत नाही, नुसतं सांगते: मागचा चेकपॉइंट (इथवरचे बदल टेबलांत उतरले अशी खूण) कधी झाला आणि सावरायला सुरुवात कोणत्या फाइलपासून करायची. त्या फाइलचं नाव घेऊन फोल्डरमध्ये पाहिलं. फाइल नाही. पुन्हा अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. नाही.

पोराकडे वळलो. "किती उडवल्या?"

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "वीसक असतीन. सगळ्या सारख्याच होत्या सर, मंग खालून घेतल्या."

खालून, म्हणजे नावाच्या क्रमाने सगळ्यात नव्या. साडेचार हजारांपैकी नेमक्या ज्या हव्यात त्याच. वरून वीस घेतल्या असत्या तर मला कळलंही नसतं. "पण जागा काही मोकळी झाली नाही सर," तो पुढे म्हणाला, आणि हे वाक्य ऐकून मला त्याला चहा पाजावासा वाटला. वीस फायली म्हणजे ३२० एमबी. त्या गेल्या आणि जागा वाढली नाही, तर त्या गेल्याच नाहीत. त्याने कमांड वापरलीच नव्हती. रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, फाइल मॅनेजर उघडून माउसने डिलीट केलं होतं. रूटच्या ट्रॅशमध्ये विसाच्या वीस पडलेल्या. काळ्या पडद्याची भीती कधी कधी बरी.

कॉपी संपल्यावर फायली जागेवर सरकवल्या, मालकी पोस्टग्रेसचीच आहे ना ते पाहिलं आणि कंट्रोलडेटाने सांगितलेलं नाव आता सापडलं. पण सर्व्हर उठायला थोडी तरी जागा लागणार. इथे ईएक्सटी-४ या डिस्कवरच्या फाइल सिस्टमची एक सोय कामी आली. ती रूटसाठी पाच टक्के जागा राखून ठेवते, आणि पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही, म्हणून ती त्याला मिळत नव्हती. ट्यूनटूएफएस या आज्ञेने पाचाचं एक टक्का केलं. एकही फाइल न उडवता, डिस्क चालू असतानाच चार जीबी मोकळे.

सर्व्हर उठला. सावरायला मिनिटभरही लागलं नाही.

मग मूळ दुखणं. रेप्लिकेशन स्लॉटांची, म्हणजे डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरसाठीच्या नोंदींची, यादी काढली तर एक स्लॉट निष्क्रिय. मालकांना घरी बसून आकडे दिसावेत म्हणून कोणीतरी तिथल्या कॉम्प्युटरवर डेटाबेसची प्रत चालवली होती. दिवाळीच्या साफसफाईत तो कॉम्प्युटर माळ्यावर गेला. इकडे स्लॉट इमानदारीने वाट पाहत होता: तिकडून पोच येईपर्यंत एकही फाइल टाकायची नाही. त्यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने काट्याचा आकडा दर सेकंदाला टेबलात लिहायची करामत केलेली, गाडी असो वा नसो. तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटने किती साठवायचं त्याला मर्यादा घालता येते, ९.६ मध्ये तसलं काही नाही, तिथे माणसानेच नजर ठेवायची. स्लॉट काढला, चेकपॉइंट दिला. साडेचार हजार फायली शंभराच्या आत आल्या.

लगेच पावत्या सुरू करू दिल्या नाहीत. आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण डंप, म्हणजे सगळ्या टेबलांतला मजकूर वाचून केलेली प्रत, काढला. तो शेवटपर्यंत निघाला म्हणजे निदान प्रत्येक टेबल वाचता येतंय. (रोजचा बॅकअप होता हो, त्याच डिस्कवर. तोही गेले काही दिवस शून्य बाइटचा.) जागा वीस टक्क्यांखाली गेली की मुनीमजींना आणि मला मेसेज जाईल अशी छोटी स्क्रिप्ट लावली. आवृत्ती बदलायचं काम हंगामानंतरवर टाकलं.

अकरा गाड्यांची यादी पडद्यावर आली तेव्हा खिडकीशी एक म्हातारे शेतकरी सकाळपासून उभे होते. फरदडीचा (जुन्याच झाडांवर पुन्हा घेतलेला) कापूस, भाड्याचा पिकअप, आणि ड्रायव्हर भाडं वाढवून मागत होता. मी गाडी नंबर विचारला. त्यांनी नंबर नाही, वजन सांगितलं. "२,८६०. चढली तवाच पाटीवर पाह्यलं मी."

ऑपरेटर पोराने यादीवरून बोट खाली नेलं. सातव्या ओळीवर थांबलं. २,८६०.

"मंग?" म्हातारबा म्हणाले. "काढ आता पावती."