पुणे ते गुहागर इलेक्ट्रिक गाडीने: दोन बादल्या पाण्याची गोष्ट

मे महिन्यात नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन गुहागरला चुलत्यांकडे, म्हणजे तात्यांकडे गेलो. बॅटरी 40 युनिटची. कंपनी रेंज काहीही सांगो, चौघं, सामान आणि एसी धरून आम्हाला एका पूर्ण चार्जिंगमध्ये 270 किलोमीटर मिळतात.

साताऱ्यात जेवण होईपर्यंत 80 टक्के चार्जिंग झालं. त्यापुढे फास्ट चार्जर रेंगाळतो, उगाच अडून बसू नये. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलो तेव्हा 46 टक्के होते. खाली पोफळीला 48! उतारावर मोटर उलटी वीज बनवते, त्याची ही मजा. चिपळूणचा चार्जर मात्र बंद, ॲपमध्ये चालू दाखवत होता. तेव्हा घाट उतरताना एका चार्जरच्या भरवशावर राहू नका.

गुहागरला 24 टक्क्यांवर पोचलो. पडवीतल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला केबल लावली, तर लाल दिवा.

"अरे, पंप चालतो ह्याच्यावर, नि तुझी गाडी रुसली?" तात्या म्हणाले.

पंप अर्थिंगशिवाय, म्हणजे वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीशिवायही फिरतो. गाडीची केबल आधी अर्थिंग तपासते, कमी पडलं तर वीज घेतच नाही. वायरमनला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न: "अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलंत?" माडाखाली मीठ-कोळशाचा तो जुना खड्डा उन्हाने ठणठणीत वाळला होता. तात्यांनी दोन बादल्या ओतल्या. चहा होईतो दिवा हिरवा.

अशा सॉकेटमधून तासाला जेमतेम तीन युनिट मिळतात. आम्हाला अकरा तास लागले, शिवाय मधे दोनदा वीज गेली ते वेगळंच.

गाडी घेताना सनरूफ नंतर बघा, आधी साध्या सॉकेटला चालणारी केबल सोबत मिळते का ते विचारा. खोली बुक करताना "चार्जिंग आहे का?" एवढ्याने भागत नाही, अंगणापर्यंत पंधरा अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग आहे का, हे विचारा. मिक्सरची एक्स्टेंशन चुकूनही लावू नका, वायर वितळू शकते. वायर किमान चार चौरस मिमीची हवी. आणि मीटरचं रीडिंग टिपून यजमानांना युनिटचे पैसे द्या. तात्यांनी घेतले नाहीत, तो भाग निराळा.

परतताना 100 टक्क्यांवर निघालो. कुंभार्ली चढायला सपाटीपेक्षा तीनेक युनिट जास्त गेले, तरी साताऱ्यात 35 टक्के शिल्लक होते. चिपळूणला थांबलोच नाही.